पाणी पिणारी फरशी आणि न पिणारी फरशी: सिरॅमिक व पोर्सेलिनमधील फरक, निवड आणि बसवणी

सांगलीत घर बांधणारा माणूस सिमेंट, सळई आणि विटा यांची चौकशी चार ठिकाणी करतो, पण फरशीच्या दुकानात शिरला की रंग आणि चकाकी पाहून तासाभरात निर्णय घेऊन मोकळा होतो. समोरचा विक्रेता सिरॅमिक, पोर्सेलिन, विट्रिफाइड, डबल चार्ज, जीव्हीटी असे शब्द एकामागून एक सांगत असतो, आणि सोबत आलेला गवंडी त्या सगळ्यांना सरसकट ‘स्टाइल’ म्हणत असतो. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या घरमालकाने कोणती फरशी कोठे घ्यावी, ती कशी पारखावी आणि बसवताना कशावर लक्ष ठेवावे, हे या लेखात क्रमाने दिले आहे. आमच्या घरी बसवणीतच चूक झाली होती, त्यामुळे त्या भागावर जरा जास्त लिहिले आहे.

आधी फरक समजून घ्यावा

माठ आणि चिनी मातीची कपबशी या दोन्ही वस्तू मातीच्याच असतात आणि दोन्ही भट्टीतून निघालेल्या असतात. माठाला बारीक छिद्रे असल्यामुळे पाणी झिरपते आणि म्हणूनच ते गार राहते. उलट कपाचा कान मोडला, तरी मोडलेली कड पाणी ओढत नाही. सिरॅमिक आणि पोर्सेलिन टाइलमध्ये असाच फरक आहे. इंद्रायणी हा जसा तांदळाचाच एक प्रकार, तशी पोर्सेलिन ही सिरॅमिकचीच एक जात आहे. बाजारात मात्र ‘सिरॅमिक’ म्हटले की त्यातली सच्छिद्र आणि तुलनेने स्वस्त टाइल अभिप्रेत असते.

पोर्सेलिनच्या मिश्रणात बारीक दळलेली पांढरी माती, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी आणि फेल्डस्पार ही खनिजे असतात. हे मिश्रण मोठ्या दाबाखाली दाबून सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्या तापमानाला फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो, कणांमधल्या पोकळ्या भरून काढतो आणि थंड झाल्यावर सगळा गर एकसंध, घट्ट बनतो. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचे मिश्रण वेगळे असते व भट्टीचे तापमानही कमी असते, त्यामुळे तिच्या गरात छिद्रे उरतात आणि पाण्याला अडवण्याचे काम वरच्या ग्लेझवर, म्हणजे काचेसारख्या लेपावर, येऊन पडते.

हा फरक आकड्यात मोजता येतो. कोरड्या टाइलच्या वजनाच्या किती टक्के पाणी ती शोषते, यावरून आंतरराष्ट्रीय मानकात तिचा गट ठरतो. ०.५ टक्क्यापर्यंत शोषण असेल तर ती पोर्सेलिन. ३ ते १० टक्क्यांच्या दरम्यान जमिनीच्या साध्या सिरॅमिक टाइल येतात, आणि १० टक्क्यांच्या वर भिंतीच्या. मजबुतीही साधारण याच क्रमाने उतरत जाते. वाकवून मोडण्याच्या चाचणीत पोर्सेलिनने दर चौरस मिलिमीटरला सरासरी किमान ३५ न्यूटन ताण सोसावा अशी अपेक्षा असते, तर भिंतीच्या टाइलसाठी जाडीनुसार १२ किंवा १५ न्यूटन पुरेसे मानले जातात.

यावरून सिरॅमिक हलकी आणि म्हणून टाकाऊ, असा निष्कर्ष काढू नये. छिद्रांमुळे ती वजनाला हलकी होते, साध्या हातकटरने सरळ कापली जाते, भट्टीत कमी आकसते आणि सिमेंटला धरून राहते. स्वयंपाकघरातील ओट्यामागच्या भिंतीला हेच गुण हवे असतात. तिच्यावर कोणी चालणार नाही आणि ट्रॅक्टरही उभा राहणार नाही, मग तेथे पोर्सेलिनची मजबुती विकत घेण्यात काय हशील आहे?

दुकानातील शब्दांचा अर्थ लावावा

आपल्याकडे पोर्सेलिन गटातील बहुतेक टाइल ‘विट्रिफाइड’ या नावाने विकल्या जातात. डबल चार्ज प्रकारात रंगीत मिश्रणाचा तीन-चार मिलिमीटर जाडीचा थर खालच्या गरावर दाबलेला असतो, त्यामुळे वर्दळीने पृष्ठभाग झिजला तरी रंग कायम राहतो. मात्र त्यात नक्षीची निवड मर्यादित असते. जीव्हीटी म्हणजे विट्रिफाइड गरावर छपाई व ग्लेझ केलेली टाइल, आणि तिलाच पॉलिश केले की पीजीव्हीटी. संगमरवराची किंवा लाकडाची हुबेहूब नक्षी यांत मिळते, पण ती वरच्या पातळ थरातच असते. फुल बॉडीमध्ये रंग आरपार एकच असल्यामुळे टवका उडाला तरी तो डोळ्यांत भरत नाही.

‘पोर्सेलिन’ हा शब्द दुकानागणिक वेगळ्या अर्थाने वापरला जातो, म्हणून नावावर विसंबू नये. विक्रेत्याला सरळ विचारावे की या टाइलचे पाणी शोषण किती टक्के आहे, आणि तो आकडा खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवण्यास सांगावे. दाबून बनवलेल्या सिरॅमिक टाइलसाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख खोक्यावर आहे का, तेही पाहावे. देशातील बहुतांश टाइल गुजरातमधील मोरबी परिसरात तयार होतात. त्यामुळे निरनिराळ्या नावांची खोकी शेजारशेजारच्या कारखान्यांतून आलेली असण्याचा बराच संभव असतो, आणि म्हणूनच नावापेक्षा आकडा अधिक उपयोगी पडतो.

घराची फेरी मारून यादी करावी

दुकानात जाण्यापूर्वी हातात कागद घेऊन घरातील प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी लिहाव्यात: पाणी किती पडते, वर्दळ किती आहे, ऊन लागते का आणि ओल्या पायाने कोणी घसरेल का. चार गोष्टी लिहून झाल्या की निवड आपोआप सुचू लागते.

स्वयंपाकघराच्या व न्हाणीघराच्या भिंतींना ग्लेझ दिलेली साधी सिरॅमिक टाइल पुरते. न्हाणीघराच्या जमिनीला मात्र खरखरीत पृष्ठभागाची पोर्सेलिन घ्यावी. घसरण्याच्या जर्मन चाचणीनुसार आर ९ ते आर १३ अशा श्रेणी असतात आणि आकडा वाढेल तशी पकड वाढते. न्हाणीघरासाठी मी आर १० च्या खाली जाणार नाही, आणि घरात वयस्कर माणसे असतील तर आर ११ पाहीन. फार खरखरीत टाइलमध्ये साबणाचा मळ अडकतो व ती घासावी लागते, ही अडचण खरी आहे. पण घासणे हे हाड मोडण्यापेक्षा केव्हाही परवडते.

बैठकीच्या खोलीत निर्णय बहुधा चकाकीवर होतो. आपल्या भागात पावसाळ्यात चपलांबरोबर माती आणि वाळू घरात येते. वाळूतील गारगोटीचा कठीणपणा मोहस् मापावर ७ असतो आणि बहुतेक ग्लेझ त्याहून मऊ असतात, त्यामुळे चकचकीत पृष्ठभागावर दाराजवळच्या पट्ट्यात पहिले ओरखडे उठतात. वर्दळीच्या खोलीत डबल चार्ज किंवा मॅट पृष्ठभाग टिकतो. ग्लेझ असलेल्या टाइलची झीज सोसण्याची श्रेणी पीईआय ० ते ५ अशी दिलेली असते. घरातील जमिनीला ३ किंवा ४ पुरे, दुकानाच्या गाळ्याला ५.

अंगण, जिना, गच्ची आणि वाहन उभे करण्याची जागा येथे पोर्सेलिनला पर्याय नाही असेच मी म्हणेन. सातारा जिल्ह्याचा विचार केला तर एकाच जिल्ह्यात दोन टोके आहेत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे उघड्यावरील फरशीवर शेवाळ धरते. म्हणून खरखरीतपणा आणि उतार आधी पाहावा लागतो. माण-खटावकडे पाऊस कमी आणि ऊन कडक, तेथे गच्चीवरील फरशीच्या प्रसरणाचा प्रश्न मोठा ठरतो. दहा मीटर लांब पोर्सेलिनचा पट्टा ३० अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. फरशा एकमेकींना चिकटवून बसवल्या तर ही वाढ सामावण्यास जागा उरत नाही आणि त्या तंबूसारख्या उचलल्या जातात.

सांगलीत नदीच्या बाजूच्या वस्तीला आणखी एक हिशेब करावा लागतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या स्मरणात आहेत. ज्या तळमजल्यात पाणी येऊ शकते, तेथे जमिनीला पोर्सेलिन आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचा राळेचा माल, घातल्यास गाळ धुऊन काढणे सोपे जाते. मात्र बैठकीच्या व झोपण्याच्या खोल्यांच्या भिंतींना कमरेपर्यंत टाइल लावण्याचा मोह टाळावा. पाणी ओसरल्यावर भिंत सुकण्यासाठी तिला हवा लागते, आणि पाणी न पिणारी टाइल आतली ओल कोंडून ठेवते. अशा ठिकाणी चार इंचांची स्कर्टिंग पुरे.

वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत क्षारपड जमिनी आहेत. अशा जागी जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसेल तर क्षार भिंतीतून वर चढतात, लोणा फुटतो आणि सच्छिद्र सिरॅमिकच्या मागे साचलेले क्षार ग्लेझखाली डाग पाडतात. काळ्या मातीवरचे घर असेल तर जोत्यात मुरमाची भर नीट ठोकलेली आणि खाली काँक्रीटचा थर असणे हे कोणत्याही टाइलपेक्षा महत्त्वाचे आहे. जमीन फुगली-आकसली तर महागडी पोर्सेलिनही तडकते.

नमुना घरी आणून तपासावा

प्रत्येक पसंत टाइलचा एक नग विकत घेऊन घरी आणावा. पहिली चाचणी मिनिटभराची आहे. टाइल पालथी करून मागच्या बाजूवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकावेत. सच्छिद्र गर ते पाहता पाहता पिऊन टाकतो आणि तेथे गडद डाग उरतो. पोर्सेलिनवर थेंब तसेच बसून राहतात. गर लाल की पांढरा यावरून निदान करू नये, कारण सच्छिद्र टाइलही पांढऱ्या गराची असू शकते.

दुसरी चाचणी तराजूची आहे. टाइल उन्हात पूर्ण वाळवून तिचे वजन करावे, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावी आणि पुन्हा वजन करावे. ६०० बाय ६०० मिलिमीटर आकाराच्या, नऊ मिलिमीटर जाडीच्या टाइलचे वजन साधारण साडेसात किलो भरते. ती पोर्सेलिन असेल तर वाढ ३५-४० ग्रॅमच्या आत राहावी. भिंतीची दोन किलोची सिरॅमिक टाइल मात्र अडीचशे-तीनशे ग्रॅमसुद्धा वाढू शकते. प्रयोगशाळेत टाइलमधली हवा काढून पाणी आत शिरवतात, त्यामुळे तेथील आकडा घरच्यापेक्षा थोडा जास्त येतो. म्हणून घरीच जी टाइल मर्यादेपलीकडे गेली, तिचा विचार सोडून द्यावा.

तिसरी चाचणी हळदीची. सांगलीची हळद भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे आणि तिचा रंग कसा धरतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पॉलिश केलेल्या विट्रिफाइडमध्ये घासण्यामुळे गरातील बंद सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात, आणि त्यांवर संरक्षक लेप नीट बसला नसेल तर पाणी न पिणारी ही टाइल हळद मात्र पिते. ओल्या हळदीचा ठिपका रात्रभर ठेवून सकाळी साबणाने पुसावा. स्वयंपाकघराच्या जमिनीसाठी या चाचणीत नापास झालेला नमुना परत करावा. उन्हाने हळदीचा डाग फिकट होतो हे खरे असले, तरी ओट्याखाली ऊन येत नाही.

शेवटी दोन टाइल तोंडाला तोंड लावून कडेने पाहावे. मध्ये फट दिसली तर टाइल वाकलेली आहे. मोठ्या आकारात, विशेषतः दोन बाय चार फुटी टाइलमध्ये, थोडा बाक असतोच. अशी टाइल अर्ध्यावर सांधा ठेवून विटांसारखी बसवली तर एकीचा मधला उंचवटा दुसरीच्या खाली गेलेल्या कडेजवळ येतो आणि पायाला ठेच लागते. मोठ्या टाइलचे सांधे सरळ रेषेत किंवा एकतृतीयांशावर ठेवावेत.

मोजमाप आणि मागणी

ज्याला आपण ‘दोन बाय दोन’ म्हणतो ती टाइल दोन फुटांची नसून ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना सुमारे तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी असते. चार नगांच्या खोक्यात त्यामुळे १६ ऐवजी साडेपंधरा चौरस फूट भरतात. दहा बाय बारा फुटांची खोली, म्हणजे १२० चौरस फूट, या हिशेबाने ३१ टाइलमध्ये, अर्थात आठ खोक्यांत बसायला हवी.

प्रत्यक्षात दहा फूट म्हणजे ३,०४८ मिलिमीटर. पाच टाइलनंतर जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची पट्टी उरते, आणि बारा फुटांच्या बाजूलाही सहा टाइलनंतर तेच होते. ही अरुंद पट्टी कपाटाखाली जाणार असेल तर आठ खोक्यांत काम होते. तीच पट्टी दारासमोर येत असेल तर ओळी मधून सुरू करून दोन्ही कडांना अर्ध्याहून थोडे मोठे तुकडे घ्यावे लागतात. एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणून सहा बाय सात, अशा ४२ टाइल, म्हणजे अकरा खोकी लागतात. दुकानदार सांगतो ती ‘दहा टक्के वाढीव’ येथे पुरत नाही. चौकटीच्या वहीत खोली आखून मगच मागणी द्यावी.

सर्व खोक्यांवरील लॉट व शेड क्रमांक एकच असल्याची खात्री माल उतरवतानाच करावी. बसवल्यावर तक्रार ऐकून घेतली जात नाही. दर सांगताना जीएसटी, वाहतूक आणि उतराई धरली आहे का, तेही लेखी घ्यावे.

बसवणी: खरे नुकसान येथे होते

आमच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला मी हट्टाने विट्रिफाइड टाइल आणली होती. मिस्त्री अनुभवी होते, त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्या टाइल हौदात रात्रभर भिजत घातल्या आणि सकाळी मागे सिमेंटचा गिलावा थापून त्या भिंतीला लावल्या. पहिल्या उन्हाळ्यात टाइलवर टिचकी मारली की पोकळ आवाज येऊ लागला, आणि पुढच्या दिवाळीआधी चार टाइल अखंड निघून पडल्या. त्यांची पाठ इतकी स्वच्छ होती की जणू नुकतीच खोक्यातून काढली असावी.

कारण साधे आहे. सिरॅमिक टाइल कोरडी लावली तर ती गिलाव्यातील पाणी शोषून घेते व सिमेंट नीट पकडण्याआधीच सुकते, म्हणून ती भिजवण्याची रीत पडली, आणि सिमेंटच्या गिलाव्यासाठी ती योग्यच आहे. भिजलेल्या छिद्रांत सिमेंटचे स्फटिक रुजतात आणि टाइल धरून ठेवतात. पोर्सेलिनच्या पाठीला उघडी छिद्रे जवळजवळ नसल्यामुळे सिमेंटला रुजायला जागा मिळत नाही, आणि वर पाठीवर पाण्याचा पापुद्रा राहिला तर उरलीसुरली पकडही जाते.

म्हणून पोर्सेलिन भिजवू नये. तिच्या पाठीला कारखान्यातून आलेली पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून टाकावी आणि ती पॉलिमरयुक्त टाइल ॲडहेसिव्हने बसवावी. ॲडहेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइप छापलेला असतो. विट्रिफाइडसाठी टाइप २ किंवा त्यावरचा घ्यावा, आणि उघड्यावरील किंवा मोठ्या टाइलसाठी पोत्यावरील शिफारस वाचूनच टाइप ठरवावा. ॲडहेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेने ओढावे, मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यावा, आणि सुरुवातीच्या दोन-तीन टाइल बसवल्यानंतर त्यांतील एक उचलून पाठ पाहावी. कोपऱ्यांत माल पोहोचला नसेल तर पुढचे सगळे कोपरे पोकळ राहणार आहेत, असे समजून तेथेच काम थांबवावे. कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत घाईच्या कामात दिसते. त्या पोकळीवर गॅस सिलिंडर आपटला की टाइल फुटते.

न्हाणीघर, गॅलरी आणि गच्ची यांना जाळीकडे फुटाला किमान एक सूत उतार द्यावा आणि टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून पाहावे. पोर्सेलिन पाणी पीत नाही म्हणून वॉटरप्रूफिंगची गरज नाही, असा युक्तिवाद मी दोन-तीनदा ऐकला आहे. पाणी टाइलमधून जात नसले तरी सांध्यातून जातेच.

सांधा घरात दोन ते तीन मिलिमीटर आणि उघड्यावर त्याहून मोठा ठेवावा. भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली झाकली जाईल इतकी फट मोकळी सोडावी, आणि लांब गच्चीत ठरावीक अंतरावर सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरलेला सांधा द्यावा. कापण्यासाठी पोर्सेलिनला डायमंड ब्लेड लागते. साध्या कटरने ओढली तर कडेचे टवके उडतात. मजुरीचा दर ठरवतानाच हे बोलून घ्यावे, कारण कापण्याचा वेळ वाढला की मिस्त्रींचा दरही वाढतो आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

बसवल्यानंतर

बसवणी झाल्यावर निदान एक दिवस त्यावर चालू नये. ग्राउटचा पातळ थर टाइलवर राहतो तो ओल्या स्पंजने त्याच दिवशी काढावा. वाळल्यावर अनेक जण ॲसिड ओततात, त्याने पोर्सेलिनला फारसे काही होत नाही, पण सांध्यातील सिमेंटचा ग्राउट खाल्ला जातो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन घ्यावे.

आरसा किंवा टॉवेलचा दांडा लावण्यासाठी सिरॅमिकला नेहमीचा कठीण टोकाचा ड्रिल चालतो. पोर्सेलिनला डायमंड बिट वापरावा, ड्रिलची ठोका देणारी कळ बंद ठेवावी, गती कमी ठेवून मधूनमधून पाणी शिंपडावे, आणि टोक टाइलच्या आरपार गेल्यावरच मागच्या भिंतीसाठी ठोका सुरू करावा.

प्रत्येक प्रकारच्या चार-पाच टाइल माळ्यावर उभ्या ठेवाव्यात आणि त्यांच्यासोबत लॉट क्रमांक असलेला खोक्याचा तुकडा बांधून ठेवावा. आमच्याकडे चार टाइल पडल्या तेव्हा तशाच टाइल बाजारात शोधूनही मिळाल्या नाहीत, आणि त्या भिंतीवर आजही चार चौकोन वेगळ्या रंगाचे आहेत.